किमान दोन ओहम

गाडीत बसवायच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपुस्तिकेत एक ओळ हमखास असते : ‘मिनिमम लोड २ ओहम्स’. मी पोटासाठी अशा पुस्तिकांचं मराठी करते आणि जिवासाठी कन्नड कथांचं. कथेतल्या एका वाक्यापाशी आठवडाभर अडून बसलं तर लोक कौतुक करतात. पुस्तिकेतल्या ओळीपाशी अडलं तर हिला इंग्रजी येत नाही की काय, असं त्यांना वाटतं.

अडचण साधी आहे. शब्दाला शब्द ठेवला, तर ‘किमान भार २ ओहम’ असं मराठी होतं. यातून वाचणारा काय घेईल? दोन म्हणजे हलका भार, चार त्याहून जड, आठ आणखी जड, आणि एक ओहम तर अगदीच किरकोळ. प्रत्यक्षात नेमकं उलट आहे. ओहम हे अडवण्याचं माप आहे. वाटेत अडथळा जितका कमी, तितका प्रवाह जास्त, आणि तो पुरवायचा अ‍ॅम्प्लिफायरने. त्याने २० व्होल्ट दिले, तर ४ ओहमच्या सबवूफरमधून ५ अँपिअर वाहतात आणि १०० वॅट मिळतात. २ ओहमवर १० अँपिअर, २०० वॅट. १ ओहमवर २० अँपिअर, ४०० वॅट. कागदावर ही चढती कमान छान दिसते. पण आतल्या ट्रान्झिस्टरना तो प्रवाह सोसायचा असतो. ते तापतात. नशीब बरं असेल तर प्रोटेक्शनचा लाल दिवा लागून आवाज बंद होतो, नसेल तर जळका वास येतो. म्हणजे ‘किमान’ हे विशेषण आकड्याचं आहे. भार तिथे कमाल असतो.

गणित समजलं, तरी वापरणारा माणूस ती ओळ कशी वाचतो ते पाहायचं होतं. म्हणून बंगळुरूच्या जे. सी. रोडवर गेले. गाड्यांच्या सुट्या भागांचा आणि सजावटीचा हा जुना बाजार. तिथल्या एका गाळ्यात सबवूफर बसवणाऱ्या गृहस्थांना सगळी पोरं उस्ताद म्हणतात. त्यांनी बारा इंची सबवूफर पालथा घालून चार टर्मिनलं दाखवली : आत दोन कॉइल, प्रत्येकी ४ ओहमची. एकीतून निघून दुसरीत शिरलं की ८ ओहम, दोघींना शेजारीशेजारी जोडलं की २. शाळेच्या पुस्तकातली एकसर आणि समांतर जोडणी ती हीच. उस्तादांचं दखनी भाषांतर जास्त सुटसुटीत होतं : “लाइन में डाले तो जुड़ता, बाजू में डाले तो बटता, मॅडम.”

मी तिथे असतानाच कॅब चालवणारा एक मुलगा आला. असेच दोन सबवूफर आणि २ ओहमपर्यंत चालणारा मोनो अ‍ॅम्प्लिफायर, सगळं हप्त्यांवर घेतलेलं. त्याला सगळ्या कॉइल समांतर जोडून हव्या होत्या. उस्ताद म्हणाले, मग एक ओहम होईल. मुलगा म्हणाला, “दो से कमही है ना? फिर लोड कम हुआ.”

मला ज्या वाचकाची भीती वाटत होती, तो समोर उभा होता. त्याने खोक्यावरचं इंग्रजी बरोबर वाचलं होतं आणि त्यातून सरळ, व्यवहारी अर्थ काढला होता.

उस्तादांनी कागदावर चार वेटोळी काढली. चारही कॉइलना सारखी वाटणी द्यायची, तर बेरीज तीनच प्रकारे येते : सगळ्या समांतर १ ओहम, सगळ्या एकसर १६, आणि मिश्र जोडणी केली तर ४. दोन येतच नाही. दोन हवे असतील, तर २-२ ओहमच्या कॉइलवाले सबवूफर घ्यायला हवे होते, त्यांची मिश्र जोडणी बरोबर २ देते. शेवटी त्यांनी ४ ओहमवर जोडणी करून दिली. मुलाचा चेहरा पडला, कारण २ ओहमवर मिळाली असती त्याच्या निम्मीच ताकद मिळणार होती. पण अ‍ॅम्प्लिफायर जळाला असता, तरी त्याचे हप्ते चुकले नसते.

‘इम्पीडन्स’ हा शब्द ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज अभ्यासकाने १८८६ मध्ये वापरात आणला. बॅटरीच्या सरळ प्रवाहापुढे असतो तो रोध. संगीताचा प्रवाह सारखा दिशा बदलतो, म्हणून त्याच्या वाटेतला अडथळाही सुराच्या उंचीप्रमाणे बदलतो. त्यामुळेच ४ ओहमच्या कॉइलला मल्टिमीटर लावला की साडेतीनच्या आसपास आकडा दिसतो, आणि तीच कॉइल वाजताना काही सुरांना चारच्या कितीतरी पट अडवते. हेव्हिसाइडच्या शब्दाचं मूळ लॅटिन क्रियापदात आहे, आणि त्याचा अर्थ पाय अडकवणं. हिंदीने ‘प्रतिबाधा’ केलं, त्यात पाय नाही. मराठीत मात्र फारसीतून आलेला ‘पायबंद’ आधीपासून आहे : घोड्याचे पाय बांधायची दोरी. पुस्तिकेत तो चालणार नाही, हे मला कळतं. पण अ‍ॅम्प्लिफायरला पुढ्यात थोडा पायबंद लागतोच, नाहीतर तो स्वतःला संपवेपर्यंत धावतो, हे त्या एका शब्दात आहे.

मी पुस्तिकेत लिहिलं : ‘जोडणीचा एकूण रोध २ ओहमपेक्षा कमी होऊ देऊ नका. ओहम जितके कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त.’ दोन चॅनेल ब्रिज करून एकच सबवूफर चालवायचा, तर मर्यादा ४ ओहमची का, तेही लिहिलं : प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला निम्मेच ओहम येतात. एजन्सीने दुसरं वाक्य आणि ब्रिजचा खुलासा खोडून पाठवला. मुळात नाही ते घालायचं नाही, हा त्यांचा नियम. कथांच्या बाबतीत मीही हाच नियम पाळते आणि त्यासाठी भांडते. कथेतली संदिग्धता लेखकाने ठेवलेली असते, ती वाचकाची मिळकत आहे. पुस्तिकेतल्या संदिग्धतेचं बिल वाचक भरतो. तीन ई-मेल झाले. मी लिहिलं, शब्दांचे पैसे मुळावरून मोजता, त्यामुळे ही वाक्यं तुम्हाला फुकट आहेत. हे मात्र त्यांना लगेच पटलं.

मराठी पुस्तिका त्या वाक्यांसह छापली गेली. हिंदी दुसऱ्या कुणाकडे होती आणि आधीच छापून झाली होती. तिच्यात ‘न्यूनतम भार २ ओम’ आहे. उस्तादांच्या गाळ्यात येणारी पोरं वाचलीच तर हिंदी वाचतात.