तपासले, बरोबर आढळले

आमच्या अंगणात 2003 सालची एक पांढरी मारुती 800 उभी आहे. तिच्यापुढे आजवर दोन परीक्षा आल्या, एक 2018 साली आणि दुसरी 2023 साली, आणि दोन्ही वेळी ती पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाली. मंडळाच्या कोजागरीला हा विक्रम आम्ही इतक्यांदा सांगितला आहे की, विषय निघताच आमच्या घरची माणसे मसाला दूध आणण्याच्या निमित्ताने उठतात. त्या विक्रमाची दुसरी बाजू मात्र आम्ही आजवर कोणासही सांगितलेली नाही.

परीक्षा दोनच का, असे कोणी विचारील. आपल्या देशात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत नमुना 25 भरावयाचा, गाडी तपासणीस न्यावयाची, आणि पुढे पाच वर्षांची मुदत मिळते. यालाच सिल्वासात सारे ‘पासिंग’ म्हणतात. (2018 साली आम्हीही शासकीय सेवेतून निवृत्त झालो, आम्हास पाच वर्षे वाढवून देण्याचे कोणाच्या मनात आले नाही.) पहिल्या वेळी शुल्क होते 600 रुपये. 1 एप्रिल 2022 पासून ते 5000 झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट 2025 मध्ये 10000. हीच गाडी पिवळ्या पाटीची, भाड्याची असती, तर आठ वर्षांनंतर तिला दरवर्षी तपासणीपुढे उभे राहावे लागले असते. पांढऱ्या पाटीला धुराच्या दाखल्यापलीकडे पंधरा वर्षे कोणी काही विचारीत नाही. जणू घरच्या माणसांचा जीव भाड्याच्या प्रवाशांहून टणक असतो!

गाडी उत्तीर्ण होते याचे श्रेय तिच्या साधेपणाला आहे. 796 सीसीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन; काचा हाताने फिरवावयाच्या, चाकेही मनगटाच्या बळावर वळवावयाची. बिघडण्याजोगे फारसे काही नाहीच. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी प्रथम रस्त्यावर आली, जानेवारी 2014 मध्ये गुडगावच्या कारखान्यात तिचे उत्पादन थांबले. पण सुटे भाग वापीच्या बाजारात अजून मिळतात.

2023 च्या पासिंगआधी आम्ही गाडी नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. यादी आमच्या हातात होती: दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर. अधिकारी काय पाहतो हे आम्हास ठाऊक होते. मिस्त्री मागच्या चाकाशी बराच वेळ वाकून होता. उठून म्हणाला, “साहेब, डावं व्हील सिलिंडर पाझरतंय. ब्रेक ऑइल थोडं थोडं जातंय.”

आम्ही विचारले, “त्यावाचून पासिंग अडेल?”

“अडणार नाही. पण साहेब...”

त्याचे ‘पण’ आम्ही पुरे होऊ दिले नाही. ऑइल भरून घेतले, एक बल्ब आणि वायपरची रबरे बदलली, गाडीला पॉलिश केले. अधिकाऱ्याने चासी क्रमांक ताडून पाहिला, दिवे लावून पाहिले, गाडी पुढे घेऊन ब्रेक दाबावयास सांगितले. गाडी जागच्या जागी थांबली. त्याने जे पाहिले ते बरोबरच पाहिले. लपविले होते ते आम्ही.

तीन आठवड्यांनी सौ.ला घेऊन खानवेलला निघालो होतो. राखोली मागे पडली, पुढे एका उतारावर मालाने भरलेला ट्रक अचानक थांबला. आम्ही ब्रेक दाबला आणि लोण्यात पाय रुतावा तसे पेडल खाली गेले. पुन्हा दाबले, तेव्हा थोडेसे काही लागले. हँडब्रेक ओढला, गिअर खाली आणला. ट्रकच्या फाळक्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. बराच वेळ दोघेही बोललो नाही. मग सौ. म्हणाली, “अहो, परवाच तर पास झाली ना गाडी?”

तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आठवण मात्र होती. महसुलाच्या नोकरीत तलाठ्यांची दप्तरे तपासणे हे आमचेच काम होते. तपासणीच्या आदल्या रात्री वर्षभराच्या नोंदी एकाच शाईने एका बैठकीत लिहिल्या जात. शाईचा ताजेपणा आम्हास दिसे. आम्ही चहा घेत असू आणि खाली ‘तपासले, बरोबर आढळले’ असे लिहून सही करीत असू. अशाच एका दप्तरात एका विधवेची वारसनोंद राहून गेली होती. पुढे ती बाई त्या एका ओळीसाठी पायपीट करीत आमच्या कार्यालयात आली, तेव्हा त्या पानाखालची सही आम्ही ओळखली. नोंद लागलीच करून दिली. पण आधीच्या खेपांचे काय?

आमचा भाचा इंग्लंडात असतो. तेथे 1960 सालापासून गाड्यांची सक्तीची तपासणी आहे. आरंभी ती दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांना होती. आता तीन वर्षे झाली की दरवर्षी. त्याची छोटी मोटार दरवर्षी उत्तीर्ण होते, पण कागदावर शेरे असतात: टायर झिजत आला आहे, पाइपाला गंज चढू लागला आहे. आज अडविण्याजोगे नाही, मात्र लक्ष असू द्यावे. गाडीच्या क्रमांकावरून हे शेरे कोणासही पाहता येतात. आम्ही मिस्त्रीच्या तोंडून अर्ध्यावर तोडला होता तो हाच शेरा. तेथे तो छापून हाती देतात, एवढाच फरक.

खानवेलच्या त्या उतारावरून गाडी ओढून मिस्त्रीकडे आणविली. त्याने दोन्ही मागची व्हील सिलिंडरे बदलली, ऑइलने भिजलेले ब्रेक शू बदलले, जुनी रबरी नळीही काढली. आम्हास एका शब्दानेही टोचले नाही, याचेच अधिक वाटले.

तेव्हापासून दसऱ्याला झेंडूची माळ घालण्यापूर्वी गाडी त्याच्याकडे नेतो. पासिंगला काय लागेल, हे विचारीत नाही. तो सांगतो, आम्ही वहीत लिहितो. यंदाच्या पानावर एकच ओळ आहे: हँडब्रेकची केबल सैल, दिवाळीच्या आत बदलणे. केबल वापीहून मागविली आहे.