घाटाच्या अलीकडची मुंबई

मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे काय मोठा प्रवास असतो का? एक्स्प्रेस-वेला लागायचं, फूडमॉलला एक वडापाव हाणायचा, की आलंच घर! पण डोळ्यात गॅसचा बुडबुडा असेल ना, तर हाच घाट एकदम एव्हरेस्ट होतो.

रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, सुटला की ऑपरेशन करताना बऱ्याचदा डोळ्यात गॅस भरतात. तो पडद्याला आतून दाबून धरतो. पण उंचावर गेलं की हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो, डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि नजर कायमची जाऊ शकते. त्यामुळे विमान बंद. खंडाळ्याचा घाट दोन हजार फुटांच्या आसपास, म्हणजे तोही बंद! माझा गॅस जिरायला आठ आठवडे लागणार होते. मी गिरगावात, घरचा गणपती पुण्यात. बाबा गणपतीपाशी थांबले आणि गौरी गेल्यावर आईच डेक्कन क्वीननं खाली आली, मोदकांचा डबा घेऊन.

सुरुवातीचे दिवस मान खाली घालून काढले. फिरायची परवानगी मिळाल्यावर ठरवलं, वर जाता येत नाही ना? मग समुद्रसपाटीची मुंबई बघू या!

मरीन ड्राइव्ह: दोन क्षितिजं
गॅस डोळ्यात वर तरंगतो, पण आपल्याला दिसतो खाली, कारण पडद्यावर चित्र उलटं पडतं. कठड्यावर बसलं की समोर दोन क्षितिजं! एक अरबी समुद्राचं, दुसरं बुडबुड्याचं. मान हलली की दुसरं हिंदकळायचं, पण रोज थोडं खाली सरकायचं. मागे वळलं की आर्ट डेको इमारती. त्यांची आधी गच्ची दिसायला लागली, मग एकेक मजला, आणि सगळ्यात शेवटी फुटपाथ. इथल्या खिडक्यांवरच्या छज्ज्यांना आर्किटेक्ट मंडळी 'आयब्रो' म्हणतात. आहे की नाही सही?

ओव्हल मैदान: वाकलेला टॉवर
एका बाजूला हायकोर्ट, युनिव्हर्सिटी. दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोची रांग. 2018 पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. बुडबुडा जिरल्यावर इथे आले, चांगला डोळा झाकला आणि राजाबाई टॉवर चक्क कमरेत वाकला! 1878 मध्ये पूर्ण झालेला टॉवर बिचारा ताठच आहे. पडदा मध्यभागी सुटलेला असेल, तर नंतर सरळ रेषा नागमोडी दिसू शकतात. सुधारणा महिनोन् महिने चालते, पण पूर्ण होईलच असं नाही. सहा महिन्यांनी माझ्या टॉवरचा बाक कमी झालाय, गेलेला नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवले की मेंदू बरंच सांभाळून घेतो.

बाणगंगा: पायऱ्यांचा हिशोब
दोन डोळ्यांचा मेळ बसला नाही की खोलीचा अंदाज चुकतो. कपात चहा ओतताना तो बशीत जातो, आणि जिन्यावर पाऊल अडखळतं. वाळकेश्वरच्या या तलावाच्या दगडी पायऱ्या सगळ्या एकाच रंगाच्या. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, कळतच नाही. फंडा सोपा आहे. तिरप्या उन्हाच्या वेळी जा, सावल्या पायरीची कड दाखवतात. आधी पायानं चाचपा, मग वजन टाका. सोबत कुणीतरी हवंच. माझी स्कूटर अजून बंद आहे, पण इथे मी आता पाण्यापर्यंत उतरते.

तुमचा मायनस नंबर मोठा असेल, तर एवढं लक्षात ठेवा. अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके वाढले किंवा नजरेवर कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर 'वीकेंडला बघू' म्हणू नका. त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. घाट काय, कुठे पळून जात नाही!