विसरायला लागलं की ब्राह्मी?



घरातलं वयस्कर माणूस विसरायला लागलं की औषध सांगणारे चारी बाजूंनी येतात. सासूबाई भक्तामर म्हणताना मध्येच अडायला लागल्या, गॅसवरची भाजी विसरायला लागल्या, तेव्हा नणंदेने शंखपुष्पीचं सरबत आणलं, काकूंनी ब्राह्मी सांगितली, कुणी अश्वगंधा.

आपल्याकडे आधी प्रश्न येतो चालतं की नाही याचा. अश्वगंधा हे मूळ, वेखंड हा कंद. आपण सुंठ-हळद वाळलेली घेतो, म्हणून काहीजणी हेही घेतात. आपापल्या महाराजांना विचारावं. सरबतात, अवलेहात मध आहे का, ते मात्र बाटलीवर वाचाच. ब्राह्मीची ताजी पानं घेणार असाल तर नीट निवडून घ्या, ती ओलसर जागी वाढते.

आणि ब्राह्मी तरी कोणती? जाडसर बारीक पानांची जलब्राह्मी वेगळी आणि गोल पानांची मंडूकपर्णी वेगळी. दोन्ही ब्राह्मी म्हणूनच विकतात. चरकसंहितेतल्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी आहे. बाकीची ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. जलब्राह्मीच्या निरोगी माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. साधारण १२ आठवडे घेतल्यावर काहींत आठवण्यात थोडा फरक दिसला. डिमेन्शिया बरा होतो, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. गिंकोचंही तेच. अमेरिकेत ३००० हून जास्त वृद्धांवर केलेल्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला, डिमेन्शिया टळला नव्हता. अल्झायमरवर डॉक्टर देतात ती गॅलंटामाइनची गोळी मूळची स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडातली. तीही लक्षणं काही काळ सावरते, रोग थांबवत नाही.

आमच्या डॉक्टरांनी झाडपाल्याबद्दल काहीच न बोलता आधी विचारलं, "आजी, दूध-दही किती घेता?" रसपरित्यागात आईंनी दोन्ही कधीच सोडलेलं! बी १२ वनस्पतींत मिळत नाही, आपल्याला ते दुधातूनच. ते कमी पडलं की विसरायला होतं, पायांना मुंग्या येतात. थायरॉइडचंही तसंच. रक्त तपासलं, बी १२ फारच कमी निघालं.

"आई, नियम मोडायचा नाही, फक्त सुई घ्यायची."

"सुईत काय असतं गं?"

जिवाणूंकडून कारखान्यात तयार करतात, हे मी सरळ सांगितलं. रात्रभर त्यांनी विचार केला आणि सकाळी म्हणाल्या, "औषध म्हणून घेते."

काही महिन्यांत गॅस विसरणं कमी झालं, मुंग्याही. माणसांची नावं अजून निसटतात, ती वयाची की आणखी कशाची, त्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायचं आहे. ब्राह्मीचं चूर्ण आईंना हवंच होतं. डबी डॉक्टरांना दाखवली, रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालेल का ते विचारलं, मगच सुरू केलं. दूध नाही म्हणून कोमट पाण्यातून देते. कडू आहे म्हणून रोज तक्रार असते, आणि कालही कडूच होतं हे त्यांना बरोबर आठवतं.