साचा विकत मिळतो

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांतल्या एखाद्या साच्यांच्या दुकानात उभं राहिलं की आपल्याला सगळं येतं असं वाटू लागतं. गुलाब, शिंपले, अस्वलं, पिंपळाची पानं, गणपती जवळ आले की मोदक. ज्याला सरळ रेघ मारता येत नाही त्यालाही इथं गुलाब मिळतो, पाकळ्यांवरच्या शिरांसकट. दुकानदार फक्त विचारतो, "साबणाला पाहिजे का चॉकलेटला?"

प्रश्न रास्त असतो. सिलिकॉनचा साचा दोन्हीला चालतो, पण एकदा साबणाकडे गेलेला परत स्वयंपाकघरात घ्यायचा नाही. सिलिकॉन वास धरून ठेवतं, कोको बटर मिळेल तो वास ओढून घेतं, आणि मग चॉकलेट खाताना न्हाणीघर आठवत राहतं. आमच्याकडे साबणाचे साचे बाल्कनीतल्या कपाटात असतात, चॉकलेटचे पोळपाटाशेजारी.

दोन्ही उद्योग मुळात तेलातुपाचे. तेल किंवा चरबी म्हणजे स्निग्धाम्लं आणि ग्लिसरीन यांची सोयरीक, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी 1823च्या ग्रंथात उलगडून दाखवलं. कॉस्टिक सोडा ती सोयरीक मोडतो, आम्लांना आपल्याकडे ओढतो, ग्लिसरीनला मोकळं करतो, झाला साबण. (शेव्रल 102 वर्षं जगले. साबणाचा त्यात हात असेलच असं नाही.) चॉकलेटात असं काही मोडायचं नसतं. कोको बटर आहे तसंच राहतं, त्याला फक्त नीट बसायला शिकवावं लागतं.

त्या शिकवणीला टेंपरिंग म्हणतात. 1847मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं कोको पावडर, साखर आणि वितळलेलं कोको बटर मिसळून साच्यात घालता येईल असा लगदा केला. तोवर चॉकलेट ही मुख्यतः प्यायची वस्तू होती. साच्यात शिरल्यावर त्याचे नखरे सुरू झाले. कोको बटर गोठताना सहा तऱ्हांचे स्फटिक धरू शकतं. आपल्याला हवा तो पाचवा. चकाकी त्याची, तोडताना होणारा 'कट्' आवाज त्याचा, आणि तो साधारण 34 अंशांना वितळत असल्यामुळे बोटांत तग धरतो, जिभेवर विरतो. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत 27–28वर उतरवायचं, मग पुन्हा 31–32पर्यंत चढवायचं. वर दोन-तीन अंश जास्त गेलं की पहिल्यापासून सुरुवात. आणि या सगळ्यात पाण्याचा एखादा थेंब पडलाच, तर वाडग्यातलं रेशीम बघता बघता ओल्या वाळूसारखं होऊन बसतं.

जमलं, तर मात्र बघत राहावं. पाचवे स्फटिक दाटीवाटीनं बसतात, त्यामुळे चॉकलेट किंचित आक्रसतं आणि साच्याची भिंत आपणहून सोडतं. पारदर्शक साचा उचलून खालून पाहिला तर हे डोळ्यांना दिसतं: ओलसर काळी घरं एकेक करत धुरकट होतात. मग साचा ओट्यावर उलटा टेकवला की गुलाब टपटप बाहेर. जमलं नसेल तर खुशाल आपटत बसा. ओढून काढलेल्या गुलाबावर पुढे पांढरी झाक चढते आणि पाहुणे तिला बुरशी समजतात. ती वर आलेली चरबी असते, पोटाला निर्धोक. पण असं भाषण देत चॉकलेट खिलवण्यात काय मजा?

मे महिन्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात हवाच 33–34 अंशांवर असते. तिथे पाचव्या स्फटिकानं जन्म घ्यायचा तरी कसा? म्हणून घरगुती चॉकलेटवाले बहुतेक कंपाउंड वापरतात. त्यात कोको बटरच्या जागी पामच्या बियांच्या तेलासारखी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. वितळवा, ओता, फ्रिजमध्ये ठेवा, रंगीत चांदीत गुंडाळा. मी नाक मुरडत नाही; मुलांच्या वाढदिवसाला मीही तेच करतो. गुलाब दोन्हींचा हुबेहूब सारखा दिसतो, पहिल्या घासापर्यंत.

साबणातलं कंपाउंड म्हणजे तयार बेस: वितळवायचा, रंग-सुगंध घालून ओतायचा, वर आलेल्या बुडबुड्यांवर स्पिरिटचा फवारा मारायचा. सोड्यापासून करायच्या साबणाचं काम निराळं. 1 किलो खोबरेलाला सुमारे 183 ग्रॅम सोडा लागतो. घालायचा त्याहून थोडा कमी, म्हणजे थोडं तेल सुटं राहून कातडी कोरडी पडत नाही. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं नको. एक-दोन दिवसांत वडी साच्यातून निघते, पण चार ते सहा आठवडे फळीवर वाळत ठेवायची. घरातले येता-जाता विचारतात, "झाला का?" एवढं करून पहिल्याच आंघोळीत पाकळ्यांच्या शिरा जातात. दिवाळीचा मोती साबण गोल आहे ते बरं. झिजायला त्याच्याकडे पाकळ्याच नाहीत.

गुढीपाडव्याच्या साखरगाठींनाही नुसता साचा पुरत नाही. लाकडी साचा आजोबांच्या वेळचा असेल, दोराही नीट ठेवला असेल, पण पाक चुकला की गाठी बिघडल्या. वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती घरांत नाताळला मिल्क क्रीम करतात: दूध, साखर, काजू आटवून रबरी साच्यांत दाबलेल्या गुलाबी-हिरव्या वड्या. मिश्रण कढईच्या कडा कधी सोडतं, हे साच्यावर कुठंही कोरलेलं नसतं. ते ढवळणाऱ्या हाताला कळतं, आणि नवशिक्याच्या हाताला उशिरा कळतं.

चॉकलेटसारखा दिसणारा साबण मात्र मला अजिबात खपत नाही. कपकेकचा साचा, व्हॅनिलाचा वास, आणि त्या वासातलं व्हॅनिलिन साबणाला आपोआप तपकिरी करतं ते वेगळंच. घरात रांगतं मूल असेल तर ही गंमत नव्हे.

चॉकलेटचा डबा फिरवला की पाहुणे विचारतात, "साचा कुठून आणलास?" मी गल्ली सांगतो. तापमानाचं कुणी विचारत नाही. मेमध्ये त्यांच्यातल्याच एकाचा फोन येतो: "अरे, सुटतच नाहीये!" मी म्हणतो, आता पावसाळाभर साबण कर. तो तयार बेस आणतो, आणि जुलैत पुन्हा फोन: "साबणाला घाम फुटलाय." ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं रे, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळ.