एकाच मनातले पूर आणि दुष्काळ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस वसतिगृहातील आठवणी लिहावयास सांगितले होते. त्या आठवणी पुष्कळ आहेत. पहाटेची वंदना, भोजनगृहातील पंगत, परीक्षेच्या दिवसांत एकाच पुस्तकावर वाकलेली चार डोकी. त्यांविषयी इतर माजी विद्यार्थी आमच्याहून चांगले लिहितील. आम्ही मात्र अशा विषयावर लिहू इच्छितो, जो आपल्या स्नेहमेळाव्यांत निघत नाही. तेथे बदल्यांची, निवृत्तीची, मुलांच्या लग्नांची, मधुमेहाची, गुडघ्यांची मोकळेपणाने चौकशी होते. एखाद्या मित्राविषयी मात्र ‘तो हल्ली कोठे येत नाही’ एवढेच म्हटले जाते आणि बोलणे दुसरीकडे वळते. हा लेख त्या न येणाऱ्या मित्राविषयी आहे.

आमचे धाकटे बंधू याच संस्थेचे विद्यार्थी. पुढील मजकूर त्यांच्या संमतीने, त्यांना वाचून दाखवून लिहिला आहे. शिक्षण संपल्यावर त्यांना सांगलीस सरकारी नोकरी लागली. आम्ही साताऱ्यास शिक्षक झालो. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, एप्रिल महिन्यात, भीमजयंतीच्या तयारीत ते रात्री दोन-दोन तास झोपू लागले, तरी थकवा नाही. चार वस्त्यांत भाषणे, पहाटेपर्यंत बैठका, एका रात्रीत लिहून काढलेली ग्रंथालयाची चाळीस पानी योजना. पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी दोनशे खुर्च्या विकत घेतल्या. ग्रंथालयाची जागा अजून ठरावयाची होती. वस्तीतील मंडळी म्हणत, ‘कार्यकर्ता असावा तर असा.’

पावसाळा लागला आणि तेच बंधू अंथरुणावरून उठेनासे झाले. अंघोळ नाही, जेवण नाही, कार्यालयात जाणे नाही. दारावर कोणी आले तर भिंतीकडे तोंड. कौतुक करणारी माणसे मग कुजबुजू लागली. कोणी म्हणाले, चळवळ सोडली. कोणी म्हणाले, वर्गणीचे पैसे खाल्ले म्हणून तोंड लपवितो. ज्या समाजाने आजाराच्या चढत्या अवस्थेला निष्ठा म्हटले, त्यानेच उतरत्या अवस्थेला फितुरी ठरविले. दोन्ही वेळी आजार तोच होता आणि दोन्ही वेळी तो कोणाला दिसला नाही.

या आजाराला द्विध्रुवी मनोविकार म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात बायपोलर हा शब्द येतो. मनःस्थितीच्या विकारांपैकी तो एक. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील लोकांना तो समजावून सांगणे अवघड नाही. एकाच सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी पूर येतो आणि जत-आटपाडीत पाण्यासाठी टँकर फिरतात. साताऱ्यातही कोयनेचे खोरे चिंब असते आणि माण-खटाव कोरडे. तसेच एकाच माणसाच्या मनात काही काळ पूर आणि काही काळ दुष्काळ असतो. पुराच्या अवस्थेला उन्माद म्हणतात. झोपेची गरज कमी होते, बोलणे वेगाने होते, मोठमोठ्या योजना सुचतात, पैसा हातातून जातो, कोणी अडविले की राग येतो. असे आठवडाभर वा अधिक चालले तर ती गंभीर खूण समजावी. दुष्काळाची अवस्था म्हणजे नैराश्य. कशातच आनंद न वाटणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे. यांतील बरीच लक्षणे दोन आठवडे रोज राहिली तर डॉक्टरांना दाखविले पाहिजे. पुष्कळांना पूर न येता केवळ दुष्काळच येतो. तोही तितकाच खरा आजार आहे.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. दुःख म्हणजे आजार नव्हे. १९२६ साली राजरत्न गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र ज्यांनी वाचले असेल, त्यांना पुत्रशोकाने मोडून गेलेला बाप ठाऊक आहे. त्या शोकाला कारण होते आणि तो शोक करणे हा माणसाचा हक्क होता. त्यानंतर वर्षभरात हाच बाप महाडच्या चवदार तळ्यावर उभा राहिला. परंतु या उदाहरणाचा उलटा उपयोग करून, ‘बाबासाहेबांनी एवढे सोसले, तुला काय झाले?’ असे आजारी माणसाला विचारणे हा अन्याय आहे. आजारातील नैराश्य कारणाची वाट पाहत नाही; ते पगार वाढलेल्या महिन्यातही येते. त्यामागे आनुवंशिकता असते, मेंदूच्या कार्यातील बिघाड असतो, जीवनातील ताण असतो, झोपेची मोडतोड असते. इच्छाशक्तीचा अभाव हे त्याचे कारण नाही. मधुमेही माणसाला आपण महापुरुषांचे चरित्र वाचून साखर कमी करावयास सांगत नाही.

बंधूंच्या बाबतीत सल्ले दोन प्रकारचे आले. नात्यातील एका मावशींनी ‘बाहेरचे झाले आहे’ म्हणून ताईत आणला. १९५६ साली देव सोडलेल्या घरात भीती मात्र मागच्या दाराने परत येते, हे आम्ही इतिहासाचे विद्यार्थी म्हणून नोंदवून ठेवतो. शिकलेल्या मंडळींचा सल्ला विपश्यनेचा होता. ध्यानाविषयी आम्हांस आदर आहे. परंतु दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते, कारण तीव्र मनोविकार असलेल्यास ते शिबिर झेपेलच असे नाही. ध्यान हा औषधाला पर्याय नाही. आजार आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारूनच ते करावे.

आजार ओळखला तो बंधूंच्या वसतिगृहातील एका वर्गमित्राने. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होता. घरी आला, उशापाशी बसला आणि आम्हांस म्हणाला, ‘‘दादा, एप्रिलमध्ये हा किती तास झोपत होता?’’ तोवर हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. माणूस दवाखान्यात जातो तो दुष्काळाच्या दिवसांत. पुराचे दिवस त्याला आजार वाटलेलेच नसतात, म्हणून तो ते सांगत नाही. नैराश्यावरील औषध एकटेच दिले गेले तर अशा रुग्णाचे मन उन्मादाकडे झुकू शकते. म्हणून डॉक्टरांना मागील ‘चांगले दिवस’ही सांगावे लागतात आणि ते सांगावयास घरच्या माणसाने बरोबर जावे लागते. तो मित्र आमच्याबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे आला आणि त्यानेच एप्रिलची हकीकत सांगितली.

उपचार सुरू झाले. लिथियम हे त्यातील जुने औषध. त्याचा उन्मादावरील उपयोग जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये दाखवून दिला. ते स्वस्त आहे, पण शिस्त मागते. रक्तातील त्याचे प्रमाण ठरावीक काळाने तपासावे लागते, मूत्रपिंड व थायरॉईडवर लक्ष ठेवावे लागते. पाणी व मीठ एकदम कमी झाले, जुलाब-उलट्या झाल्या, तर रक्तातील औषध धोकादायक पातळीवर जाऊ शकते. आपल्याकडील उन्हाळ्यात हे विसरून चालत नाही. आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मनाने बंद करावयाच्या नसतात. बंधू आज नोकरीत आहेत, मुलीच्या शाळेच्या पालकसभेला जातात आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासून घेतात.

त्यांची कसोटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागली. कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेले. बंधूंचे घर बुडाले, औषधेही गेली. कुटुंब मिरजेकडील एका शाळेतील निवारा केंद्रात होते. तेथे बंधू अन्नाची पाकिटे वाटत होते, याद्या करीत होते, रात्रभर जागत होते. लोक पुन्हा म्हणू लागले, ‘किती राबतो हा माणूस!’ आमच्या भावजयबाईंनी मात्र त्या वर्गमित्राला फोन करून दोनच गोष्टी कळविल्या, की दोन रात्री झोप नाही आणि गोळ्या नाहीत.

रस्ते तुटलेले होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर आले. औषध साताऱ्यात घेतले गेले. ते कऱ्हाडच्या एका माजी विद्यार्थ्याने विट्यापर्यंत नेले, विट्याच्या शिक्षकाने तासगावला, आणि तेथून दुसऱ्या दिवशी ते मिरजेस पोहोचले. तोवर डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले होते. त्या वर्गमित्राने बंधूंच्या हातातील याद्या काढून दुसऱ्याकडे दिल्या, एका वर्गात अंधार करून दिला आणि तो स्वतः दाराशी बसला. बंधू झोपले. पूर ओसरला तेव्हा घर गेले होते, पण माणूस शाबूत होता. समाजाचा आधार म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या आम्हांस करता येणार नाही. औषध पोहोचविणारे हात आणि झोपेचे मोल जाणणारा एक मित्र.

असा आधार योगायोगावर सोडून चालणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, पाहणी झालेल्या १२ राज्यांत, दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना होते. आपल्या भागात मार्ग नाहीत असे नाही. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचाराची चौकशी करावी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचेही काम करते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना ‘मानसमित्र’ म्हणून प्रशिक्षण देण्याचा उपक्रमही याच विचारातून आला. भूत काढणाऱ्याला विरोध करावयाचा तर रुग्णाला कोठे न्यावयाचे हेही सांगता आले पाहिजे. रात्री-अपरात्री ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. कोणी मरणाची भाषा करीत असेल तर त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

कायदाही आपल्या बाजूस आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने उपचार हा हक्क मानला आहे. रुग्णाला साखळदंडाने बांधणे निषिद्ध ठरले आहे. आजार नसताना, आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा हे लिहून ठेवता येते. आमच्या बंधूंनी पत्नीबरोबर त्या वर्गमित्राचेही नाव लिहिले आहे. हक्क कागदावर आणावयाचे आणि मग ते बजावावयाचे, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

अशा कामासाठी प्रत्येक वस्तीत डॉक्टर लागत नाही. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने सामान्य शिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि त्याने नैराश्याच्या रुग्णांना लाभ होतो हे दाखविले. आफ्रिकेतील झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आजीबाईंना प्रशिक्षित केले. दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून त्या लोकांचे ऐकून घेतात. आपल्या समाजात अशा आजी कमी आहेत काय?

महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मळात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून निजविले आणि भिक्खुसंघाला बजावले की येथे तुमची सेवा करावयास आईबाप नाहीत; एकमेकांची सेवा तुम्ही केली नाही तर कोण करील? वसतिगृहात वाढलेल्या प्रत्येकाला हे आतून कळते. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवणारा मुलगाही दहा-बारा वर्षांचाच असे.

म्हणून माजी विद्यार्थी संघापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. दर पौर्णिमेस वंदनेनंतर विहारात एक तासाची बैठक व्हावी. तेथे रुग्ण व घरच्यांनी बोलावे, इतरांनी ऐकावे आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. सातारा आणि सांगली येथील प्रत्येकी पाच जणांनी प्रशिक्षण घेऊन त्यांचे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या कार्यालयात द्यावेत. आणि आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींना आठवी-नववीतच हा धडा मिळावा. त्यांच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत आणि सगळ्या घराच्या आशांचे ओझे त्यांच्या खांद्यावर असणार आहे. पहिल्या बैठकीची व्यवस्था आम्ही करतो. आमचे बंधू येणार आहेत. खुर्च्या मांडण्याचे काम त्यांनी मागून घेतले आहे. त्या दोनशेपैकी काही अजून आमच्या घरी आहेत.