गाविलगडाच्या वाटेवरची म्हैस

चिखलदऱ्याला गेलात की लोक तुम्हाला भीमकुंड दाखवतील, देवी पॉइंट दाखवतील. मी मात्र तुम्हाला एक आजारी म्हैस दाखवणार आहे!

चौथीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही परतवाड्याहून घाट चढलो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटर उंच. वर पोचताच गार वारा अंगाला झोंबला. गाडीतून उतरतो न उतरतो तोच काळ्या तोंडाची वानरं आली. आमच्या एका पोट्ट्याने खिशातले फुटाणे उधळले. वानरं टिपू लागली, मुलं टाळ्या पिटू लागली. खरं सांगतो, मीही हसत उभा होतो.

मग गाविलगडाच्या वाटेला लागलो. हा गवळ्यांचा मुलूख. गडाचं नावही त्यांच्यावरूनच पडलं म्हणतात. एका गोठ्यासमोर म्हातारे गवळीबाबा म्हशीजवळ बसले होते. म्हशीची डावी बाजू ढोलासारखी फुगलेली, मान खाली, रवंथ बंद.

"काय झालं बाबा?"

"राती दावं तोडलं तिनं, गुरुजी. मक्याचं पोतं फोडून अर्धं खाल्लं. डाक्टर येऊन गेले, सोडा पाजला. आता पाहू."

मुलं चक्रावली. एक मुलगी म्हणाली, "सर, मका त आमी बी खातो. येवढी मोठी म्हैस, तिले काहून बाधला?"

प्रश्न लाखमोलाचा होता. म्हशीच्या पोटाला चार कप्पे. पहिलं कोठीपोट, एवढं मोठं की पाण्याच्या पाच-सहा घागरी त्यात सहज रित्या होतील. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्मजीव राहतात. गवत, कडबा म्हशीला स्वतःला पचतच नाही. हे जीव तो आंबवतात, तेव्हा कुठे तिला त्यातली ताकद मिळते. काम सावकाश चालतं. म्हैस निवांत बसून रवंथ करते, लाळ गिळत राहते आणि त्या लाळेत निसर्गानेच सोडा घातलेला असतो! पोटातलं आम्ल तो शमवतो.

दाण्याचं तसं नाही. त्यातलं पिठूळ सत्त्व झपाट्याने आंबतं. दुधाचं दही होताना जे आम्ल तयार होतं, तेच इथे भराभर साठतं. दाण्याला रवंथ कमी, म्हणून लाळही कमी. गवत पचवणारे जीव मरू लागतात नि पोटाचं काम ठप्प होतं. वेळेत उपाय झाला नाही तर जनावर दगावतं. दुभत्या म्हशीला ढेप-भरडा देतात, पण मोजून, हळूहळू वाढवून आणि सोबत कडबा. मग त्या जिवांना सवय व्हायला वेळ मिळतो.

माझ्या लहानपणी खळ्यावर मळणीच्या बैलाला मुसकं बांधत. दोन दाणेही खाऊ देत नाहीत म्हणून मला आजोबांचा भारी राग यायचा. त्या गोठ्यासमोर तो राग गेला. निदान अर्धा तरी!

अंगणातल्या कोंबड्या मात्र तोच सांडलेला मका बिनधास्त टिपत होत्या. दाणा हे त्यांचं मूळचंच खाणं. दात नाहीत, पण पोटात जाड स्नायूंचं जातं असतं आणि त्यात गिळलेले बारीक खडे. मेळघाटातल्या मोरांचं, पारव्यांचं तसंच. गवा आणि सांबर मात्र म्हशीच्या बाजूचे, गवत-पाला खाऊन रवंथ करणारे.

"आन् वानर?" फुटाणेवाल्याने हळूच विचारलं.

वानराचं मुख्य खाणं पाला, कळ्या, फळं. रवंथ ते करत नाही, पण त्याच्याही जठराला कप्पे असतात आणि तिथेही पाला आंबवणारे सूक्ष्मजीव. दिसायला आपला भाऊबंद, पोटाने म्हशीच्या जवळचा! मूठभर फुटाण्यांनी ते मरत नाही हो, पण दर गाडीतून एकेक मूठ आली तर?

त्याने खिसा चाचपला आणि उरलेले फुटाणे स्वतःच खाल्ले.

संध्याकाळी परतताना म्हैस उठून उभी होती, पण रवंथ नव्हता. गाडीवाला हॉर्न वाजवून थकला, तरी मुलं हलेनात. शेवटी बाबांना माझा नंबर दिला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाचा फोन आला. रवंथ लागला होता. दूध मात्र अजून अर्धंच देत होती.