'तब्येतीला चांगली असते म्हणे!'

तुमच्या शहरातल्या एखाद्या पबमध्ये, किंवा पबचा थाट केलेल्या हॉटेलात गेलात, तर भिंतीवर एक पक्षी दिसण्याची बरीच शक्यता आहे. काळं अंग, पांढरी छाती आणि अंगाला न शोभणारी भलीमोठी केशरी चोच. शेजारी काळ्या बिअरचा ग्लास, वर पांढरा फेस. हा टूकन. बिअर पिणारे त्याला ओळखतात, आणि जे पीत नाहीत त्यांची लहान मुलंसुद्धा त्याच्याकडे बोट दाखवून हसतात. मलाही तो फार आवडतो. म्हणूनच त्याच्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

मी कंटेंट रायटर आहे. बीए इंग्लिश करून सांगलीहून बंगळुरूला आले. सकाळी गाद्यांवर लिहिते, दुपारी म्युच्युअल फंडावर, संध्याकाळी केसांच्या तेलावर. आई शेजाऱ्यांना "कॉम्प्युटरवर लिहायचं काम करते" एवढंच सांगते आणि खरं सांगायचं तर त्यात काही चूक नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे एका बिअर फेस्टिव्हलचं काम आलं. स्टॉलवर लावायची छोटी कार्डं आणि काही पोस्टर लिहायची होती. अट एकच, सगळं 'व्हिंटेज' दिसलं पाहिजे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्राफ्ट बिअर म्हणजे मोठ्या कारखान्यात एकाच चवीची लाखो लिटर न बनवता, छोट्या प्रमाणात आणि वेगवेगळ्या चवींची बनवलेली बिअर. पाणी, मोड आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि यीस्ट, एवढंच मूळ सामान. बाकी खेळ तापमानाचा, वेळेचा आणि बनवणाऱ्याच्या डोक्याचा. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या शेवटी बिअर बनवणारे कारखाने शंभराच्याही खाली आले होते. सगळीकडे तीच पिवळी, पातळ बिअर मिळायची. 1978 मध्ये घरी बिअर बनवायला तिथे कायद्याने परवानगी मिळाली, आणि हौशी मंडळींच्या गॅरेजमधून ही नवी लाट सुरू झाली. 1982 मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावात त्यांचा पहिला मोठा महोत्सव भरला. तिथे अजूनही एका वेळी फक्त एक औंस, म्हणजे साधारण तीस मिलीलिटर बिअर ओततात. चव घ्या आणि पुढच्या टेबलावर जा. आपल्याकडे पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झालं, ते महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. बंगळुरूत तर आता गल्लोगल्ली तांब्याच्या टाक्या काचेमागे चमकताना दिसतात.

या फेस्टिव्हलांमध्ये मला खरंच गंमत वाटते. आंब्याच्या मोसमात आंब्याची, कधी गुळाची, कधी नाचणीची, अशी प्रत्येक स्टॉलवर वेगळी चव. बनवणारा माणूस स्वतः समोर उभा असतो आणि आपली बिअर अशी समजावून सांगतो, जशी एखादी सुगरण मसाल्याचं प्रमाण सांगते. हातचं राखूनच! मी स्वतः एखादा छोटा ग्लास घेते, कधी तोही अर्धा ठेवते. पण हे बोलणं ऐकायला मला आवडतं.

तर, 'व्हिंटेज' म्हटल्यावर मी जुन्या जाहिराती शोधायला बसले. सुरुवात अर्थातच त्या टूकनपासून.

गिनेस ही डब्लिनची बिअर. आर्थर गिनेसने 1759 मध्ये तिथली एक जागा वर्षाला 45 पौंड भाड्याने घेतली, तीही 9000 वर्षांच्या करारावर. (आमचा बंगळुरूचा घरमालक अकरा महिन्यांवर एक दिवस देत नाही.) पुढची दीडशेहून जास्त वर्षं कंपनीने मोठी जाहिरात अशी केलीच नाही. मग 1920 च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या एस. एच. बेन्सन या एजन्सीला काम दिलं. एजन्सीच्या लोकांनी पबमध्ये जाऊन गिऱ्हाइकांना विचारलं, तुम्ही ही बिअर का पिता? बऱ्याच जणांचं उत्तर एकच होतं, प्यायल्यावर बरं वाटतं. एजन्सीने तेच उचललं आणि लिहिलं, 'गिनेस इज गुड फॉर यू'. तब्येतीला चांगली!

मग चित्रकार जॉन गिलरॉय आला. त्याने एक मजूर काढला, जो लोखंडी तुळई एका हाताने डोक्यावर तोलून चाललाय. गिनेस पितो ना, म्हणून ताकद! 1935 पासून त्याने एक अख्खं प्राणिसंग्रहालय उभं केलं. समुद्रसिंह नाकावर ग्लास तोलतोय, शहामृगाने ग्लासच गिळलाय आणि त्याचा आकार मानेत स्पष्ट दिसतोय, आणि मागून रखवालदार हताश होऊन धावतोय. त्या रखवालदाराला गिलरॉयने स्वतःचाच चेहरा दिला होता. टूकन याच कळपातला. रंग इतके ताजे की आजही वाटतं कालच छापलंय.

आणि इथे मला माझी माणसं भेटली. याच बेन्सन एजन्सीत 1922 पासून 1931 पर्यंत डोरोथी एल. सेयर्स नावाची बाई कॉपीरायटर होती. हो, तीच रहस्यकथा लिहिणारी. टूकनच्या पोस्टरवरच्या ओळीही तिच्याच नावावर सांगितल्या जातात. ऑक्सफर्डला शिकलेली, डोक्याने तल्लख, आणि पोटासाठी मोहरीच्या आणि बिअरच्या जाहिराती लिहिणारी. तिने 1933 मध्ये 'मर्डर मस्ट अ‍ॅडव्हर्टाइज' ही कादंबरी लिहिली. त्यात एका जाहिरात एजन्सीतला कॉपीरायटर लोखंडी जिन्यावरून पडून मरतो आणि त्याच्या जागी डिटेक्टिव्ह नोकरीला लागतो. मी ती कॉलेजात असताना वाचली होती, तेव्हा खून कुणी केला एवढंच बघितलं. आता पुन्हा चाळली तेव्हा ऑफिसच दिसत राहिलं. तेच शब्दांवरचे वाद, तीच गिऱ्हाइकाची शेवटच्या क्षणाची दुरुस्ती, आणि आपण जे लिहितोय त्यावर आपलाच विश्वास नसणं. नव्वद वर्षांत फक्त टाइपरायटर गेला आणि लॅपटॉप आला.

इंग्लंड-आयर्लंडमध्ये पुढे कित्येक वर्षं बाळंतिणींना आणि रक्तदान करणाऱ्यांना गिनेस दिली जायची. रक्त भरून येतं, अशी समजूत. म्हणजे ती ओळ पोस्टरवरून उतरून दवाखान्यात पोचली होती. आणि ती मुळात लोकांच्याच तोंडून आलेली होती, हे विसरू नका. मला या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात जास्त टोचतो.

अमेरिकेतल्या जाहिराती वेगळ्या. तिथे 1920 ते 1933 दारूबंदी होती. बंदी उठली तरी बिअरवरचा डाग लगेच गेला नाही. मग बिअरवाल्यांच्या संघटनेने 1945 पासून दहा-अकरा वर्षं मासिकांमध्ये पानभर चित्रं छापली. मालिकेचं नाव होतं 'होम लाइफ इन अमेरिका' आणि खाली ओळ 'बिअर बिलाँग्ज'. म्हणजे बिअर आपल्या घरातलीच! अंगणात जेवण, बर्फात खेळून आलेले मित्र, आजी-आजोबा, नवीन घराचं सामान लावणारं जोडपं. नामवंत चित्रकारांनी काढलेली ही चित्रं आहेत. बिअर एका कोपऱ्यात, अगदी मीठ-लोणच्यासारखी. तिच्याबद्दल एक शब्द न बोलता तिला घरात आणून बसवलंय. कॉपीरायटर म्हणून मी टोपी काढते.

आणि मग सापडली 1952 ची श्लिट्झ कंपनीची जाहिरात. स्वयंपाकघरात धूर, तव्यावर काहीतरी करपलेलं, ओल्या डोळ्यांची बायको, आणि सूटबूट घातलेला नवरा तिला जवळ घेऊन म्हणतोय, 'काळजी करू नकोस गं, बिअर तर करपली नाही ना!'

मी हसले, तुम्हीही हसला असाल. ही जाहिरात इंटरनेटवर विनोद म्हणूनच फिरते. मी ती रेफरन्समध्ये सेव्ह करून ठेवली.

त्याच आठवड्यात माझी काकू एका लग्नासाठी बंगळुरूला आली होती, दोन दिवस माझ्याकडे राहिली. मी काम करत होते, ती शेजारी शेंगा सोलत बसली होती. स्क्रीनवरचं चित्र बघून म्हणाली, "काय लिहिलंय गं हे?" मी मराठीत सांगितलं. ती हसली नाही. चष्मा सारखा करून नीट बघत म्हणाली, "त्याला यायला उशीर झाला असणार."

"म्हणजे?"

"अगं, सुटाबुटातच उभा आहे की. आत्ता आलाय. ही वाट बघत ठेवून बसली गॅसवर, म्हणून करपलं. बंद करून ठेवायचं असतं. आल्यावर गरम करायचं. मी तसंच करायचे."

मग पुन्हा शेंगा सोलायला लागली. काका आठ वर्षांपूर्वी गेले. कशाने गेले, ते आमच्या घरात कुणी मोठ्याने म्हणत नाही.

जाहिरातीत उशीर झाल्याचा कुठेच उल्लेख नाही, मी पुन्हा पाहिलं. पण आता मला त्या चित्रात उशीरच दिसतो. मी हे रेफरन्स फोल्डरमधून काढलं नाही, तसंच ठेवलंय.

आता त्या फेस्टिव्हलच्या कार्डांकडे येते. तुम्ही म्हणाल, आपल्याकडे बिअरच्या जाहिराती असतातच कुठे? बरोबर आहे. टीव्हीवर 2000 सालच्या नियमबदलापासून दारूची जाहिरात करता येत नाही. माझ्या पिढीने बिअरची जाहिरात पाहिलीच नाही, त्याच नावाच्या सोड्याची, पाण्याची आणि म्युझिक सीडीची पाहिली. समजायचं ते समजलोच. आता क्राफ्ट बिअरमध्ये कार्ड आणि 'गोष्ट' हीच जाहिरात.

एका स्टॉलची नाचणीची बिअर होती. ब्रीफमध्ये लिहिलं होतं: नाचणीचं कॅल्शियम, पारंपरिक पौष्टिक धान्य, आणि आजीच्या आंबिलीची आठवण होईल असं काहीतरी लिही, तू महाराष्ट्रातली आहेस ना.

आंबील मला ठाऊक आहे. माझी आजी रात्री नाचणीचं पीठ भिजवून आंबवत ठेवायची, सकाळी शिजवून त्यात ताक, मीठ, ठेचलेला लसूण. उन्हाळ्यात शाळेतून आलं की वाटीभर. लहान पोरांना, आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना चालणारी. दोन्ही आंबवलेल्याच, हे खरं. पण त्या वाटीचा विश्वास उचलून या ग्लासावर चिकटवायचा, हे माझ्याच्याने होईना.

मी फोनवर विचारलं, कॅल्शियम दाण्यात असतं, ग्लासात किती उतरतं ते मोजलंय का? तिकडून मार्केटिंगचा मुलगा म्हणाला, "कार्ड लोक दोन सेकंद वाचतात, लॅब रिपोर्ट नाही लिहायचा." मी मेल लिहिला. त्यात जागतिक आरोग्य संघटनेचं जानेवारी 2023 मधलं निवेदन टाकलं, की दारूचं कुठलंही प्रमाण तब्येतीला सुरक्षित म्हणता येत नाही. उत्तर आलं, "फेस्टिव्हल आहे, मूड डाउन करू नको." हे काम गेलं असं धरून मी त्या रात्री भाड्याचा हिशेब करत बसले.

शेवटी ओळ निघाली. माझ्या मेलमुळे नव्हे, त्यांच्या वकिलाने अडवलं म्हणून. अन्नसुरक्षेच्या 2018 च्या नियमांनुसार अल्कोहोल असलेल्या पेयाच्या लेबलवर आरोग्याचा दावा करता येत नाही आणि कार्डावर तो कशाला करा, असं त्याचं म्हणणं. आंबीलही त्याबरोबर गेली. कार्डावर उरलं ते मी लिहिलेलं साधं वर्णन: नाचणी आणि बार्लीच्या माल्टची बिअर, भाजलेल्या भाकरीसारखा वास, शेवटी किंचित कडू. खाली अल्कोहोलचं प्रमाण, जरा ठळक. टूकनसारखं सुंदर काही नव्हतं ते. पैसे दीड महिन्याने आले, पण पूर्ण आले.

फेस्टिव्हलच्या दुसऱ्या दिवशी मी त्या स्टॉलपाशी उभी होते. पन्नाशीचे एक गृहस्थ आले, बायको सोबत होती. त्यांनी कार्ड पूर्ण वाचलं, अगदी बोट ठेवून. मग स्टॉलवरच्या मुलाला हिंदीत विचारलं, "रागी है, तो शुगरवालों को चलेगा ना?"

मुलगा गोंधळला. त्याने कार्डाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"सर," तो म्हणाला, "बिअर है."

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. बायको पुढच्या स्टॉलवरचे मोमो बघत होती. त्यांनी छोटा ग्लास घेतला.